अंगणातील विष्णुक्रांता

बेळगावच्या भोवतालच्या मुरमाड माळांवर पावसाळ्यानंतर गवतात निळे ठिपके चमकू लागतात. आभाळाचा रंग ल्यालेले ते इवलेसे फूल म्हणजे विष्णुक्रांता. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्येच या वनस्पतीची नोंद करून ठेविली. केरळात पवित्र मानलेल्या दहा फुलांत, म्हणजे ‘दशपुष्पां’त, तिची गणना होते. आपल्याकडे मात्र पुष्कळदा तण म्हणून तिच्यावर खुरपे चालते!

यंदा आम्ही भावंडांनी तिला अंगणात जागा दिली. माळावरचे रोप उपटले नाही. ते तेथेच शोभते. सुकलेली बोंडे तेवढी वेचली. एका बोंडात फार तर ४ बिया असतात. त्यांचे कवच कठीण, म्हणून पॉलिशपेपरवर हलकेच घासून त्या रात्रभर भिजविल्या. पाणी न साचणारी, भरपूर उन्हाची जागा निवडली. शेणखतही घातले नाही. या रोपास हलकी जमीनच मानवते.

फुले सकाळी उमलतात आणि दुपारी मिटतात. ती पाहावयाची तर शाळेस निघण्यापूर्वीच! रोपवाटिकांत याच कुळातील, दक्षिण अमेरिकेतून आलेली मोठ्या फुलांची जात मिळते. तीही सुंदर आहे. परंतु माळांवर घरे उठू लागली असता तेथल्या या जुन्या रहिवाशाने जावे कोठे? रोप बहुवर्षायू आहे. एकदा मूळ धरले की वर्षानुवर्षे ते भुईवर आपल्या फांद्या पसरीत राहते. त्यास हातभर जागा पुरे. वाचकमित्रहो, तेवढी जागा आपल्या अंगणात खचितच निघेल.