नाव पुसलेली घड्याळं

माणसाला कसला नाद लागावा याला काही धरबंध नाही. कुणी काडेपेट्यांवरची चित्रं जमवतो, कुणी जुनी कुलपं. देवासात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लग्नपत्रिका जमवीत असत आणि पाहुण्यांना त्या तिथीवार दाखवीत. मला नाद आहे नकली घड्याळांचा. तबकडीवर ओमेगा, रोलेक्स, राडो अशी बडी नावं, आणि जन्मात स्वित्झर्लंडचं तोंड पाहिलेलं नाही, अशी ही मंडळी. आजमितीला माझ्या कपाटात ती ६३ आहेत. त्यांतली ४० तरी चालतात.

यातली गंमत अशी, की माझी सारी नोकरी देवासच्या बँक नोट प्रेसच्या हिशेब खात्यात गेली. १९७४ साली प्रेस इथे आला आणि पवारांच्या या टुमदार राजधानीला कारखान्यांचे भोंगे ऐकू येऊ लागले. मी १९७९ साली चिकटलो आणि २०१६ साली साठी पुरी करून बाहेर पडलो. सौभाग्यवती म्हणायची, "दिवसभर खऱ्या नोटांच्या सावलीत आणि संध्याकाळी खोट्या घड्याळांच्या संगतीत. तुमचा ताळेबंद जुळतो तरी कसा?" मी म्हणे, अगं, आमच्या गावाचा तरी कुठे जुळला? तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी एका देवासची दोन संस्थानं केली, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन गाद्या, दोन दरबार, आणि दोन्ही अस्सल! अशा गावच्या माणसाने असल-नकलचा फार बाऊ करू नये.

तसा हा धंदा आजचा नाही. पॅरिसचा प्रख्यात घड्याळजी ब्रेगे हयात असतानाच त्याच्या नावाची खोटी घड्याळं इतकी निघाली, की अठराव्या शतकाच्या अखेरीस तो तबकडीवर एक चोरटी सही कोरू लागला. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, उजेडात तिरपी धरून भिंगाने पाहावी लागते. हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला आमच्या नोटेवरच्या पाण्याच्या चिन्हाची आठवण झाली. नाव मोठं झालं की त्याच्यामागे पहारा बसवावाच लागतो.

आपल्याकडची कथा मात्र निराळी. फाव्र-ल्यूबा मुंबईत आली १८६५ साली. वेस्ट एंडची घड्याळं फौजेत आणि रेल्वेत घरोघरी होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं आली, आणि स्विस घड्याळ ही बंदरातून चोरपावलांनी येणारी वस्तू झाली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला एचएमटीची घड्याळं निघू लागली. जनता, पायलट. ज्याने एसएससीच्या निकालावर किंवा लग्नात एचएमटी मिळवलं नाही असा माझ्या पिढीचा माणूस विरळा. साधं, चिवट यंत्र: १७ ज्वेल, तासाला १८,००० ठोके, रोज सकाळी चावी द्यायची. पण माणसाचं मन मोठं खट्याळ. मनगटावर एचएमटी आली, की त्याला ओमेगा हवंसं वाटू लागे.

ही हौस पुरवणारे कारागीर मुंबईच्या चोरबाजारापासून इंदूरपर्यंत होते. जुनी तबकडी काढायची, तिचा रंग उतरवायचा, नवा रंग फवारायचा आणि हव्या त्या नावाचा ठसा उमटवायचा. झालं बारसं! मी पहिलं असं घड्याळ इंदुरात घेतलं १९८३ साली. विकणारा घड्याळजी प्रामाणिक होता. त्याने पाठ उघडून आतलं एचएमटीचं मशीन दाखवलं आणि म्हणाला, "भाईसाहब, मशीन असली है, सिर्फ नाम नकली है।" मी पैसे मोजले ते घड्याळापेक्षा त्या वाक्याचे.

तेव्हापासून पारख वाढत गेली. नकली तबकडी ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. अक्षरं जरा जाड असतात, जाड माणसाने उसना कोट घालावा तशी. मिनिटांच्या रेघा आकड्यांपुढून घसरलेल्या, सेकंदाचा काटा रेघांपर्यंत पोचत नाही, आणि रंग मात्र भडक: मोरपंखी, शेंदरी, जांभळा. परक्या मशीनवर तबकडी बसवायची तर तिच्या पाठीचे दोन बारीक पाय नेमक्या भोकांत जात नाहीत, म्हणून ते कापून तबकडी चिकटवून दिलेली असते. हलवलं की आत खुळखुळतं. ओमेगाच्या त्या काळच्या मशीनला तांबूस सोनेरी झाक असते. आत पांढरंशुभ्र पोलाद दिसलं की समजावं, हे बंगलोरचं लेकरू.

अलीकडे 'फर्स्ट कॉपी' म्हणून जे मिळतं त्यात मला रस नाही. ते हुबेहूब असतं, आणि हुबेहूबपणात कारागिराचं मन दिसत नाही. कुणा भाबड्या रंगाऱ्याने रोलेक्सच्या नावात एक अक्षर जास्तीचं घातलेलं आहे, असं एक घड्याळ माझ्याकडे आहे. ते मी लाखालाही देणार नाही. (कुणी लाख देणारही नाही, ही गोष्ट वेगळी.)

नुसतं जमवून माझं भागत नाही. मी ती बदलतो. चालू मशीनची घड्याळं घेतो आणि त्यांचं खोटं नाव काढून टाकतो. नाव नुसतं खरवडलं तर तिथे चट्टा पडतो, म्हणून सबंध तबकडी उतरवून रंगवावी लागते. आमच्या गावात एक पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. छपाईचे फलक आले आणि त्याच्या हाताला काम उरलं नाही. त्याच्याकडून मी रुपयाएवढ्या तबकड्यांवर केसाएवढ्या ब्रशाने देवनागरी आकडे काढून घेतले, आणि बाराच्या खाली फक्त 'देवास'. तीनदा 'स' तिरका गेला, तो तसाच ठेवला. माझ्या मते नकली घड्याळाचं पाप काय ते त्याच्या नावात असतं. नाव पुसा, खाली एक कष्टाळू यंत्र उरतं. कायद्याचंही काहीसं असंच आहे. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात दुसऱ्याचं नाव खोटेपणाने लावण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून मी एकही घड्याळ विकत नाही; नाव पुसलेली भाचे-पुतण्यांना देतो आणि काय आहे ते सांगून देतो.

एक मित्र, उज्जैनचे, मला डिवचतात. म्हणतात, तुझं अस्सल घड्याळ तरी कुठे खरं बोलतं? जुन्या ज्योतिर्गणितात रेखांश मोजत ते उज्जैनपासून. आज आपण वेळ लावतो ती मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवरून. देवासचा सूर्य त्या वेळेच्या सरासरी २६ मिनिटं मागे आणि धारचा २९. म्हणजे आपण सगळेच मनगटावर परगावची वेळ बांधून हिंडतो! युक्तिवाद बिनतोड आहे, पण वेळेवर निघालेली बस गाठायला त्याचा उपयोग नाही.

'नाव पुसावं' या माझ्या नेमाची कसोटी गेल्या वर्षी मार्गशीर्षात लागली.

आमचं मूळ घर धारचं. आजोबा धार संस्थानच्या खासगीकडे कारकून होते. १९४८ साली संस्थानं मध्य भारतात विलीन झाली तशी त्यांची चाकरी संपली. पण दरबाराने त्यांना दिलेलं एक ओमेगा घड्याळ घरात राहिलं. ते थोरल्या काकांकडे गेलं. काका ते दसऱ्याला आणि लग्नकार्यात तेवढं बांधत, आणि आम्हा मुलांना वेळ विचारायची मुभा असे, हात लावायची नसे. २०१९ साली काका गेले. काकूंनी आपल्या हयातीतच दागिन्यांची वाटणी करायचं ठरवलं, तेव्हा ताई, माझी चुलत बहीण, म्हणाली, "मला पाटल्या नकोत. बाबांचं घड्याळ द्या." भावाने ते दोन पाटल्यांच्या मोलाचं धरलं. पाटल्या वहिनींकडे गेल्या. काकू गप्प होत्या. त्यांचं मन दुखलं असेल म्हणून कुणी जास्त विचारलं नाही.

तर ते घड्याळ पुढे धावतं म्हणून ताई आणि तिचा पुण्याचा मुलगा माझ्याकडे घेऊन आले. मुलाला त्याची किंमतही काढायची होती. खिडकीशी बसून मी पाठ उघडली. आत पांढरं पोलाद. बंगलोरचं लेकरू. तबकडीचे पाय होते त्या भोकांत नीट बसलेले, म्हणजे तबकडीही त्याच घड्याळाची, वरून रंगवलेली. केसही इथलीच. आजोबांना मिळालेल्या वस्तूचा एक स्क्रूही त्यात नव्हता. जे घड्याळ १९४८ च्या आधी दरबारातून आलं, त्याच्या पोटात १९६१ नंतरचं यंत्र कसं असेल?

पाठीच्या आतल्या अंगाला घड्याळजी लोक आपली खूण सुईने खरडून ठेवतात. तिथे एक खूण होती आणि तारीख, ४-७२.

मी बोललो नाही. ताईनेच भिंग मागून घेतलं आणि वाचलं. तिचं लग्न १९७२ च्या मे महिन्यातलं. इंदूरला मोठ्या घरी दिलं होतं तिला. मंडप, बँड, दोन्ही वेळची पंगत. काका तेव्हा नगरपालिकेत कारकून. एवढा खर्च कसा झेपला हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. मांडवात काकांच्या हातावर ओमेगा होतं, हे मात्र सगळ्यांना लख्ख आठवतं. फोटोतही आहे.

मुलगा म्हणाला, "मामा, म्हणजे हे फेक आहे? मग ते नाव तरी काढून टाका. तुम्ही काढता ना?"

मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्याला हात लावू नकोस. चालू तेवढं नीट कर."

मी तेल दिलं, बॅलन्सचा काटा सरकवला. दिवसाला चार मिनिटं पुढे जायचं ते तीन दिवसांत अर्ध्या मिनिटावर आणलं. तबकडीवरचं नाव तसंच ठेवलं. ६३ घड्याळांना लावलेला नेम इथे लावावासा मला वाटला नाही. बाकीच्या घड्याळांवरचं खोटं नाव कुणीतरी मिरवण्यासाठी घातलेलं. हे नाव काकांनी घातलं ते एक गोष्ट झाकण्यासाठी, आणि सत्तेचाळीस वर्षं दसऱ्याला बांधून निभावलं. किमतीचा विषय मुलाने पुन्हा काढला. मी खरं ते सांगितलं, दोन-तीन हजार. तो हिशेबी मुलगा आहे. पाटल्यांचा विचार त्याच्या चेहऱ्यावर आलेला मला दिसला, आणि ताईलाही दिसला. ती म्हणाली, "तू मध्ये पडायचं नाहीस."

आठवड्याने धारहून काकूंचा फोन आला. नव्वदी ओलांडली आहे, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "ताई घड्याळ घेऊन आली होती म्हणे. तू उघडलंस का रे?"

"हो."

"ती जवळ होती?"

"हो, काकू."

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग म्हणाल्या, "बरं झालं. मला माझ्या तोंडाने सांगवत नव्हतं. आता पाटल्यांचं मी बघते."