जखम भरतेच आहे

पाचगणीच्या थंड, कोरड्या हवेवर एकेकाळी क्षयरोग्यांची सारी भिस्त होती. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ मध्ये इथे बेल-एअर आरोग्यधाम सुरू केलं, तेव्हा क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध यायला तीन दशकं अवकाश होता. फुप्फुसातल्या पोकळीभोवती वण धरला, जंतू आत कोंडले गेले, की डॉक्टरांना हायसं वाटे.

किडनीची बायोप्सी वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला तोच वण नकोसा असतो.

सुईने काढलेला, काडेपेटीतल्या काडीहून बारीक तुकडा ट्रायक्रोम नावाच्या रंगाने रंगवला की वणातलं कोलॅजेन निळं दिसतं. निरोगी किडनीत नलिका एकमेकींना खेटून असतात, मधे निळाईला जवळजवळ जागाच नसते. आजारात नलिका सुकतात आणि निळं पसरतं. नवशिक्याची नजर रक्त गाळणाऱ्या ग्लोमेरुलसवर खिळते, कारण तो देखणा. पण किडनी पुढे किती टिकेल, हे बहुधा नलिकांमधली ही निळाईच जास्त नेमकं सांगते. मुरलेली नजर तिच्या कडा धुंडाळते.

कारण पेशींचं बोलणं तिथे चालू असतं. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने दुखावलेली नलिकेची पेशी टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडते. केशवाहिनीला बिलगलेल्या पेरिसाइट पेशी तो निरोप मिळताच जागा सोडतात, मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कोलॅजेन ओतू लागतात. दाहाच्या मॅक्रोफेज पेशी येतात, त्याही टीजीएफ-बीटा सोडतात. आधार गेलेल्या केशवाहिन्या विरळ होतात, प्राणवायू कमी पडतो, नलिका पुन्हा दुखावते आणि पुन्हा तोच निरोप निघतो. यात खलनायक कोणीच नाही. जो तो जखम भरण्याचं आपलं काम इमानाने करतो. ‘पुरे’ म्हणणारं तेवढं कोणी उरत नाही.

मग निरोपच का अडवू नये? १९९० मध्ये वेन बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये टीजीएफ-बीटाविरोधी प्रतिपिंडं वापरून किडनीतलं वणाचं साचणं रोखून दाखवलं. मधुमेही रुग्णांवर तशीच चाचणी झाली, तेव्हा मात्र फायदा दिसेना आणि ती मध्येच थांबवावी लागली. हेच प्रथिन दाह आवरायलाही लागतं, तेव्हा नवल नाही. त्यापेक्षा रक्तदाबाची जुनी ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटातली औषधं कामाची निघाली: टीजीएफ-बीटाला चिथावणाऱ्या अँजिओटेन्सिनला ती आवर घालतात.

अहवालात फायब्रोसिसची, म्हणजे या वणाची, टक्केवारी लिहायची असते. पण सैल, सुजलेली, दाहाच्या पेशींनी भरलेली कड आणि घट्ट, निपचित निळा पट्टा, दोन्हींची टक्केवारी सारखीच भरू शकते. पहिलीत उपचाराला वाव असतो. दुसऱ्यात स्टेरॉइडचा मारा करून रुग्णाच्या पदरी दुष्परिणामच पडण्याची शक्यता जास्त. म्हणून जाणकार पॅथॉलॉजिस्ट आकड्याखाली कडेविषयी एक ओळ जास्तीची लिहितो.