पंपाआधी वायर

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर तळातलं पाणी काढणारा नवा पंप हातात देणारे बोटमालक बहुतेक एकच सांगतात, "मेस्त्री, मोठा आणलाय, तेवढा बसवून द्या." खोक्यावर छापलेलं असतं, ताशी २००० गॅलन, म्हणजे साडेसात हजार लिटर. मी पंप बाजूला ठेवतो आणि आधी मल्टिमीटर काढतो.

जुना पंप बंद असताना त्याच्या तोंडाशी १२.६ व्होल्ट दिसतात. पाण्यात चालू केला की आकडा १०.९ वर येतो. त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवर १२.४ असतात. मधले दीड व्होल्ट वायरीने आणि जोडांनी खाल्लेले. पंख्याने पाणी फेकणाऱ्या या जातीच्या पंपाचे फेरे कमी झाले की पाणी त्या प्रमाणात घटतं, पण पाणी वर चढवायची ताकद फेऱ्यांच्या वर्गाने घटते. फेरे दहा टक्के उतरले की चढ जवळजवळ वीस टक्क्यांनी गेला. खोक्यावरचा आकडा तर बहुधा पाणी अजिबात न चढवता मोजलेला. बोटीत तेच पाणी तळापासून सव्वा-दीड मीटर वर जायचं असतं, आणि तेही वळ्यावळ्यांच्या पाइपातून. निम्मं बाहेर पडलं तरी पुष्कळ. अशा जागी मोठा पंप लावला की तो जास्त करंट ओढतो आणि त्याच बारीक वायरीत आणखी व्होल्ट गमावतो.

हिशेब सोपा आहे. पंप आठ अँपिअर घेतो असं धरा. बॅटरीपासून तळापर्यंत सात मीटर, जाऊन-येऊन चौदा. घरात दिव्यांना घालतात ती दीडची वायर असेल तर तिच्यातच सव्वा व्होल्टच्या वर जातं. सहाची घातली तर जेमतेम एक-तृतीयांश व्होल्ट. पैसे पंपावर कमी घाला, वायरीवर घाला, हे मी प्रत्येकाला सांगतो. तीही कथिल चढवलेली, पुष्कळ बारीक तारांची. साधी तांब्याची वायर बोटीत टिकत नाही.

ती का टिकत नाही हे जुना जोड उघडला की कळतं. वर काळी टेप, तिच्याखाली चिकट पाणी, आणि आत पीळ घालून जोडलेल्या तारांवर हिरवा कळंक. टोक कापून मागे सोलत गेलं की तांबं चमकायला हवं, पण ते काळंच निघतं. वीत कापली तरी काळं, हात कापला तरी काळं. खारं पाणी तारांच्या फटींतून आत चढत गेलेलं असतं. वायर बाहेरून नवीसारखी दिसते, म्हणून कोणी ती बदलत नाही. मी जोड तळात ठेवतच नाही. पंपाची शेपटी डेकखाली उंचावर नेऊन तिथे योग्य मापाच्या पक्कडीने स्लीव्ह दाबतो, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवतो. नुसतं झाळलेलं टोक मला चालत नाही. झाळ जिथे संपते तिथे तार कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

तळातल्या पाण्यात पॉझिटिव्ह तार उघडी पडली तर धोका आणखी मोठा. करंट खाऱ्या पाण्यातून वाट काढत बोटीच्या पितळेत, शाफ्टात शिरतो आणि तिथला धातू विरघळू लागतो. पाणी काढायला बसवलेली वायर असं पाणी आत घेणारं भोक पाडू शकते.

मोठ्या ट्रॉलरवर इंजिनाच्या पट्ट्यावरचा पंप असतो, तो दणकट असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण इंजिन बंद म्हणजे तोही बंद. आणि बोटी नेहमी दर्यातच बुडत नाहीत. खाडीत नांगरावर, कोणी नसताना बुडतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत मोठ्या नौका शाकारलेल्या असतात, पण खाडीत लहान उघड्या होड्या उभ्या असतात. एखादीचं वरचं क्षेत्र वीस चौरस मीटर धरा. रत्नागिरीत जुलैत एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे नवल नाही. त्या रात्री होडीत दोन हजार लिटर, दोन टन पाणी आभाळातूनच येतं.

म्हणून आपोआप चालणाऱ्या पंपाची लाइन मी मेन स्विचच्या आधीच, थेट बॅटरीवरून घेतो. घरी जाताना तांडेल मेन बंद करणार, आणि ते बरोबरच आहे. पंप मात्र जागा राहिला पाहिजे. त्या लाइनला बॅटरीलगत स्वतंत्र फ्यूज, आणि तो पंपावर लिहिलेल्या मापाचाच. फ्यूज सारखा जातो म्हणून मोठा घालणारे भेटतात. पंख्यात जाळ्याचा धागा अडकून मोटर थांबली की ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. त्या वेळी फ्यूज गेला नाही तर वायर तापते, आणि शेजारी डिझेल असतं.

पंप मी दोन बसवतो : लहान तळाशी, मोठा एक वीत वर, प्रत्येकाला आपला फ्लोट स्विच, आपली वायर, आपला पाइप. दोघांना एकाच पाइपात जोडून मध्ये उलट न येणारा व्हॉल्व्ह टाकायची पद्धत मला मान्य नाही. एक खवला अडकला की तो उघडत नाही.

तरीही तांडेलमामांना मी साफ सांगतो : पाण्याखाली दोन फुटांवर दोन इंची भोक पडलं तर मिनिटाला दोनशे लिटरच्या वर पाणी आत येतं, ताशी बारा हजार. ते हा पंप काढणार नाही. तो तुम्हाला भोक शोधून त्यात लाकडी गुडदी ठोकायला वेळ देईल, एवढंच. बॅटरीही बघा. शंभर अँपिअर-अवरची निम्मी वापरली तर आठ अँपिअरचा पंप सहा तास चालतो, रात्रभर नाही. त्यामुळे मोठ्या पंपाच्या फ्लोटवर एक भोंगा जोडतो आणि तो केबिनच्या टपावर, बाहेर बसवतो. खाडीत शेजारच्या होडीवर कोणी ना कोणी झोपलेला असतो. त्याला तो ऐकू गेला पाहिजे.