पैनगंगेकाठचा छकडा

सेवानिवृत्त मनुष्याने कोणता व्यासंग धरावा याविषयी आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात फारसा मतभेद नाही. सकाळी पारावर बसून कापसाच्या भावाची चिकित्सा करावी, दुपारी वर्तमानपत्र पालथे घालावे आणि सायंकाळी देवळात जाऊन या दोन्ही कृत्यांपासून चित्त निवृत्त करावे, असा सर्वमान्य शिरस्ता आहे. तो मोडून मी जुने छकडे दुरुस्त करण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा गावातील वडीलधाऱ्या मंडळींनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा आता ओसरली असून तिची जागा कुतूहलाने घेतली आहे. कारण आमच्या वाड्याच्या मागील पडवीत एखाद्या छकड्याची साटी उलटी टाकलेली दिसली की रस्त्याने जाणारा कोणीही मनुष्य, त्याला कितीही घाई असो, आत डोकावल्यावाचून पुढे जात नाही.

ज्यांनी छकडा पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की बंडी निराळी आणि छकडा निराळा. बंडी ही मालाची. कापूस, ज्वारी, शेणखत, लग्नाचा रुखवत आणि वेळ आली तर अख्खे वऱ्हाड, असा सर्व भार निमूटपणे वाहणारी. छकडा हा केवळ माणसांचा. अंगाने लहान, वजनाला हलका, बसायला दोघा-तिघांपुरती जागा, आणि बायाबापड्यांना दूर जायचे असेल तर वर वेळूच्या कमानी वाकवून त्यांवर तट्ट्याचे किंवा जाड कापडाचे छत चढवलेले. त्यात खाली कडब्याचा थर, वर गोधडी, मागे पाण्याची घागर आणि आखाला टांगलेला कंदील एवढी सामग्री असली की ते एक फिरते घरच होई. युरोपियन लोक ज्याला कॅराव्हान म्हणतात त्याचा आमच्याकडील अवतार हाच, अशी माझी ठाम समजूत आहे.

माझे आजोबा पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील एका गावाचे पटवारी होते आणि आजीचे माहेर नदीपलीकडे, वऱ्हाडातील यवतमाळ जिल्ह्यात. नदीच्या अलीकडे हैदराबादच्या निजामाचा अंमल, पलीकडे इंग्रजांचा; वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असले तरी 1853 पासून त्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेलेला, म्हणजे आजी माहेरी निघाली की ती एकाच धन्याच्या मुलखातून त्याच धन्याच्या मुलखात जात असूनही वाटेत करोडगिरीच्या नाक्यावर तिच्या छकड्याची झडती होई, आणि निजामाचे हाली शिक्क्याचे रुपये घरी ठेवून इंग्रजी कलदार बरोबर घ्यावे लागत. आजोबांच्या गोष्टींत या छकड्याचे आणखी एक रूप येई. अव्वल तालुकदाराचा किंवा एखाद्या मोहतमिमाचा दौरा निघाला की गावोगावच्या बंड्या आणि छकडे वेठीला धरले जात; साहेबाचे दप्तर, तंबू, कोंबड्या आणि हुक्का पुढच्या मुक्कामी पोचवून रिकाम्या हाताने परतणारा शेतकरी आपल्या बैलांच्या पाठीवर हात फिरवीत काय बोलत असेल, ते आजोबांच्या दप्तरात नमूद नव्हते; पण ते सांगताना पटवारी असूनही आजोबांचा स्वर खाली येई, हे मला आठवते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार प्रांतरचना झाली, आणि आमच्या जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके निघून मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा, त्यातील आम्हा मराठी बोलणाऱ्यांसह, आंध्र प्रदेशात राहिला. मी त्या वेळी अगदी लहान होतो. पुढे 2014 साली तेलंगण राज्य झाले आणि 2016 साली जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले, तेव्हा मी पेन्शनच्या कागदांवर पत्ता बदलीत होतो. एका जन्मात इतक्या सरकारांचे शिक्के पाहिल्यावर मनुष्याला स्थिर वस्तूंची ओढ लागते असे म्हणतात. मला ओढ लागली ती मात्र चालणाऱ्या वस्तूची.

बालपणी त्याच छकड्यातून मी आजीबरोबर नदी उतरून गेलो आहे. उन्हाळ्यात पैनगंगेचे पात्र आटे, तेव्हा गाडीवाट वाळूतून जाई. वाळूत शिरताच चाकाचा खडखडाट एकदम थांबून त्याच्या जागी एक दीर्घ, ओलसर, करकरणारा नाद सुरू होई, आणि त्या नादाने मला हटकून झोप येई. रस्ते सुधारत गेले तसा तो नाद दुर्मिळ झाला. निजामाच्या संस्थानात सरकारी मोटारगाड्या 1932 सालीच सुरू झाल्या होत्या, सत्तावीस गाड्यांनिशी. परंतु आमच्या आडगावापर्यंत बस पोचायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली. ती पोचली, आणि छकडा हळूहळू सणावारापुरता उरला. नंतर बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि छकडा पडवीत उभा राहिला. त्याच्या साटीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मी शिक्षकाच्या नोकरीनिमित्त बदल्यांच्या गावी फिरत राहिलो, आणि घरी आलो की त्याच्याकडे एक दृष्टिक्षेप टाकून आत जात असे. त्यापलीकडे त्या दिवसांत माझे आणि त्याचे नाते नव्हते.

निवृत्तीनंतर पडवी रिकामी करण्याचा प्रसंग आला तेव्हा एक भंगारवाला धावांच्या लोखंडाचे वजन करायला आला होता. त्याने चाक कलते केले, आणि तुंब्याभोवती बसलेली धूळ झडून आतील बाभळीचा लालसर, घट्ट, कोठेही न भेगाळलेला गाभा दिसला. त्याला मी परत पाठवले.

जुना छकडा दुरुस्त करायचा म्हणजे मुख्यतः त्याचे चाक दुरुस्त करायचे. बाकीचे सर्व त्यामानाने सोपे. चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यात बसवलेले बारा आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर परीघ पुरा करणारे सहा पुठ्ठे, प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे, अशी त्याची रचना असते. यात एकही खिळा नसतो, डिंक नसतो. आऱ्याचे एक कुसू तुंब्याच्या खोबणीत, दुसरे पुठ्ठ्याच्या खोबणीत, आणि या सर्वांना एकत्र आवळून धरणारी बाहेरची लोखंडी धाव, एवढ्यावर ते उभे असते. तुंबा आणि पुठ्ठे बाभळीचे असावेत. बाभळीचे लाकूड धक्का सोसते आणि झिजता झिजत नाही. आखाला धावडा किंवा तिवस, दांड्यांना धामण, कारण धामण लवते पण मोडत नाही. आणि साटीला साग. साग आमच्या उटनूरकडील रानातला प्रसिद्ध, परंतु त्याचा लहानसा ओंडका हलवायलाही जंगल खात्याचा परवाना लागतो, म्हणून मी जुन्या घरांच्या मोडीत निघालेल्या तुळया विकत घेतो; त्यांचे लाकूड साठ-सत्तर वर्षे वाळलेले असल्याने नव्या सागापेक्षा उत्तमच ठरते. बाभूळ तोडल्यावर काही महिने तळ्याच्या चिखलात पुरून ठेवतात, मग सावलीत वाळवतात; या कामात त्वरा करणाऱ्याला लाकूड स्वतःच शिक्षा करते.

सुतार तेलुगू बोलतो, लोहार मराठी, आणि मी दोघांच्या मध्ये बसून कोणाचेच न ऐकल्यासारखे करून सर्व ऐकतो. सुताराच्या वाकसाचा घाव जेथे पडायचा तेथेच पडतो. फूटपट्टी त्याच्याजवळ नाही, दोरीला मारलेल्या गाठी आहेत. परंतु सर्व विद्येचा कळस होतो तो धाव चढवण्याच्या दिवशी. लोहार लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेराहून मुद्दाम किंचित लहान करतो. अंगणात गोवऱ्यांचे रिंगण रचून त्यात ते कडे ठेवतात आणि वरून पुन्हा गोवऱ्या लावून पेटवतात. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर साडेबारा फुटांच्या आसपास. तेवढ्या लांबीचे लोखंड लाल होईतो तापले की ते जवळजवळ इंचभर वाढते, आणि त्या इंचभर वाढीच्या भरवशावर सारा व्यवहार चालतो. तिघे-चौघे सांडशींनी ते कडे उचलतात, चाकावर बसवतात, घणाने ठोकून खाली दाबतात. लाकूड पेट घेते, धूर कोंडतो, आणि त्याच क्षणी बायका घागरींनी पाणी ओतू लागतात. लोखंड आकसते. तेव्हा आतील एकेक कुसू आपल्या खोबणीत शेवटपर्यंत जाताना जो कटकट असा आवाज होतो, तो ऐकण्यासाठी मी दुपारची झोपही सोडली आहे.

हे काम ओल्या लाकडावर होत नाही. आमचा लोहार घाई करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच सांगतो, “लाकूड वल्लं हाये अजून, आता धाव घातली तं उन्हाळ्यात निंघून पडन.” आणि मग तो तंबाखू मळू लागतो, म्हणजे विषय संपला.

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्यालाही, कोणत्या गुणसूत्राचा हा प्रताप असेल तो असो, जुन्या वस्तू चालत्या करण्याचे वेड आहे. त्याने मोटारीमागे जोडून ओढायचे एक जुने फिरते घर विकत घेतले असून, रविवारी त्याच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला तो पॉलिश करीत असतो. एअरस्ट्रीम नावाच्या या गाड्या वॅली बायम या गृहस्थाने 1930 च्या दशकात बांधावयास घेतल्या, आणि त्यांचा कारखाना त्याच राज्यात आहे. केवळ सुखासाठी असे घर बांधून फिरण्याची कल्पना त्याहून जुनी. नौदलात शल्यविशारद म्हणून काम केलेल्या गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने 1885 साली ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी खास बांधवून घेतली आणि तीतून इंग्लंडातून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. ती इतकी जड होती की चढावर घोड्यांची दैना होत असे. आमच्या छकड्याला एक मनुष्य दांडीला धरून सहज फिरवतो, हे मी भाच्याला अभिमानाने कळवले.

त्याने मला कळवले ते मात्र विचार करण्याजोगे होते. त्याच्या गाडीचे बाहेरचे पत्र्याचे कवच शाबूत होते, पण आतली प्लायवूडची जमीन पाणी मुरून मागील बाजूला कुजली होती. तेव्हा सर्व कवच सांगाड्यापासून सोडवून वर उचलायचे, खालची जमीन नवी करायची आणि कवच पुन्हा होते तसे बसवायचे, अशी ही क्रिया. त्या लोकांत ‘मूळचे किती राखले’ यावर किंमत ठरते. मूळची खिडकी, मूळचा चुला, मूळचा दिवा. मी माझ्या छकड्याकडे पाहिले. त्याचा एक तुंबा आजोबांच्या वेळचा, दुसरा वडिलांनी बदललेला. आरे दोन पिढ्यांचे मिश्र. आख कितवा ते कोणी मोजलेले नाही. कमानी आणि तट्ट्या तर दर दोन-चार वर्षांनी कोलाम आदिवासींकडून नव्या करून घेतलेल्या. त्यातले मूळचे काय? याचे उत्तर मला बरेच दिवस सापडत नव्हते, आणि सापडले तेव्हा ते लाकडात नव्हते. छकडा पहिल्या दिवसापासून दुरुस्त होण्यासाठीच घडवलेला असतो. ज्याचा एकेक अवयव गावातल्या गावात काढता आणि घालता येतो, त्याच्यात जुने लाकूड जपून ठेवणे ही भक्ती असेल, जीर्णोद्धार नव्हे. त्याचे माप, त्याची जोडणी आणि त्याचे चालणे जपले तर सारे जपले.

म्हणूनच महामार्गावरील उपाहारगृहांच्या बागेत जी चाके भिंतीला टेकवून, ऑइलपेंटने रंगवून ठेवलेली दिसतात, ती मला पाहवत नाहीत. त्या रंगाखाली कुसवे सुटलेली असतात, पावसाचे पाणी तुंब्यात मुरत असते, आणि तेथे उभे राहून तरुण मंडळी आपली छायाचित्रे काढतात. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो चालते चाक अशा कामी विकणाऱ्या घरमालकावर.

हा सगळा माझा छंद आहे, पण याच जिल्ह्यात असे लोक आहेत की ज्यांना छकडा ही छंदाची वस्तू नाही. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. राजगोंडांतील मेश्राम कुळाचे हे दैवत. त्याच्या पूजेसाठी मेश्राम लोक कित्येक कोस पायी चालून गोदावरीचे पाणी आणतात, सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून मडकी घेतात, आणि देवळासमोरच्या वडांखाली कुटुंबकबिल्यासह उतरतात. छकड्यांच्या रांगाच्या रांगा तेथे सुटलेल्या असत. अजूनही येतात, जीप आणि ऑटो वाढल्या तरी. मारलवाईत राहून गोंडांचा अभ्यास करणाऱ्या हायमेंडॉर्फ यांच्या प्रयत्नाने 1940 च्या दशकात या जत्रेत अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला, तो आजही भरतो आणि त्याची बातमी छापून येते; छकड्यांची येत नाही. मी मात्र दरबाराच्या मंडपाकडे न जाता वडांखाली हिंडतो आणि चाके पाहतो. तेथील एका वृद्धाने माझ्या छकड्याचा आख हलवून पाहिला, वंगण बोटावर घेऊन हुंगले, आणि एरंडेल कमी पडले आहे एवढेच सांगितले. छत किती सुबक झाले आहे, त्याकडे त्याने वरही पाहिले नाही. अशी परीक्षा मला कोणत्याही बक्षिसाहून अधिक मोलाची वाटते.

आमच्या भागात भाता चालवणारे लोहार अजून आहेत, परंतु धाव चढवण्याचे काम वर्षाकाठी इतके थोडे मिळते की त्यांची मुले ते शिकत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. ज्यांच्या गोठ्यात अथवा पडवीत जुना छकडा उभा असेल त्यांना माझी विनंती एवढीच, की भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एकदा लोहाराला बोलवा. चाक सावलीत, जमिनीपासून वर, दगडावर टेकवून ठेवा. आणि धाव नवी घालायची असेल तर चैत्र-वैशाखात, लाकूड पुरते वाळलेले असतानाच घाला.