क्लायंट एक, बॉस दुसरा

काम सांगणार क्लायंट, पण अप्रेझल करणार कंपनीतला मॅनेजर. दोघांचं आपापसात पटेनासं झालं की मधल्याचं सँडविच! आपल्या महापालिकांचं नेमकं हेच आहे. फक्त तिथे सँडविच आपलं, नागरिकांचं होतं.

म्हणजे बघा. १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार (मुंबईला १८८८चा वेगळा कायदा आहे) बजेट मंजूर करणार नगरसेवकांची सभा, अंमलबजावणी करणार आयुक्त, आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. मधला दुवा म्हणजे १६ जणांची स्थायी समिती. पण तिच्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त. फाईल कळेपर्यंत माणूस बाहेर! फारच बिनसलं तर ५/८ सदस्यांच्या मतांनी अविश्वास ठराव. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६मध्ये तुकाराम मुंढेंविरुद्ध तो झाला, तरी त्यांची बदली झाली मार्च २०१७मध्ये. म्हणजे एकतर गोडीगुलाबी, नाहीतर एकदम भांडण.

मार्च २०२२मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकांपर्यंत प्रशासकच सगळं बघत होते. माझे काही मित्र म्हणायचे, "बरं झालं, कटकट गेली." मला नाही पटत. नगरसेवक निदान शिव्या खायला तरी सापडतो. त्या काळात आमच्या गल्लीतल्या खचलेल्या ड्रेनेजच्या झाकणाची तक्रार केली, तर आठवड्याने 'निकाली' असा एसएमएस आला. झाकण होतं तसंच. आता कोणाकडे जायचं?

आता नगरसेवक परत आलेत. माझी मागणी छोटीशी आहे. ऑफिसात बग ज्याने नोंदवला, त्याने "हो, झालं" म्हटल्याशिवाय तो बंद होत नाही. तसंच नगरसेवकाच्या प्रत्येक पत्राला नंबर, जबाबदार अधिकारी आणि तारीख द्या. काम होणार नसेल तर लेखी 'नाही', कारणासकट. पैसे नाहीत, जागा ताब्यात नाही, जे असेल ते. आणि ही यादी दर महिन्याला सभेपुढे ठेवा.

कारण खरी गोम आहे "बघतो साहेब" मध्ये. अधिकारी 'नाही' म्हणायला कचरतो, नगरसेवक तेच आपल्याला "होतंय" म्हणून सांगतो, आणि वर्ष निघून जातं. अर्थात स्पष्ट 'नाही' ऐकून घ्यायची सवय आपल्यालाही लावावी लागेल. ते जास्त अवघड आहे!

असो. तुमच्या वॉर्डातला नगरसेवक भेटला तर "काम कधी होणार?" विचारू नका. "लेखी उत्तर आलंय का?" एवढंच विचारा.