आठ एप्रिल

भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत प्रत्येक तारखेला सारख्याच आकाराचा चौकोन मिळतो. मग त्या दिवशीं कोणी थोर पुरुष जन्मलेला असो वा घरची गाय व्यालेली असो! निमोण्याच्या आमच्या घरीं माझी आई हयात असतांना या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहीत असे. मला मात्र छंद आहे तो निराळ्याच हिशेबाचा. कोणत्या तारखेस कोणता गवई जन्मला आणि कोणता गेला, हें मी तोंडपाठ ठेवीत असतों.

यंदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत गांवीं गेलों. बरोबर चिरंजीव होते. पण आम्हां दोघांत संभाषण असें नव्हतेंच. महाविद्यालय अर्ध्यावर सोडून गिटार वाजवीत हिंडण्याचा आपला बेत त्यानें माघांत मला ऐकविला होता, आणि ‘याला संगीत म्हणत नाहींत,’ असा निकाल मीं तिथल्या तिथें देऊन टाकला होता. निकाल देणें हा आमचा धंदाच पडला! तेव्हांपासून दोन महिने एका छपराखालीं राहूनही आमचें बोलणें ‘जेवण झालें का?’ याच्या पुढें गेलें नव्हतें.

आठ तारखेची दुपार. बाहेर रणरणतें ऊन. शेतांतून काढलेला कांदा पडवींत पसरलेला. पेपर तपासून कंटाळलों आणि सहज मोठ्यानें म्हणालों, “काय योग आहे पाहा! ८ एप्रिल १९२२ ला भास्करबुवा बखले गेले. पुण्यांत भारत गायन समाज स्थापणारे, ‘स्वयंवरा’च्या पदांना चाली देणारे, बालगंधर्वांचे गुरु! आणि बरोबर दोन वर्षांनीं, ८ एप्रिल १९२४ ला, बेळगांवजवळच्या सुळेभावींत कुमार गंधर्व जन्मले.”

ओटीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला, “बाबा, कर्ट कोबेन राहिला.”

मीं चष्मा काढला. त्यानें सांगितलें तें असें : ‘निर्व्हाना’ (म्हणजे आपलेंच निर्वाण!) या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाचा हा गायक. जगभर कीर्ति झालेली, वय अवघें सत्तावीस. ८ एप्रिल १९९४ रोजीं सिअ‍ॅटल येथील घरीं तो मृतावस्थेंत आढळला. त्यानें स्वतःच आयुष्य संपविलें होतें.

“तीन दिवस आधींच गेला होता तो. कोणाला कळलेंच नाहीं,” चिरंजीव खालीं पाहत म्हणाले.

तें वाक्य मला लागलें. दोन महिन्यांत या मुलाच्या मनांत काय चाललें आहे, हें मीं तरी कोठें विचारलें होतें? आणि ज्या कुमारांचा मला एवढा अभिमान, त्यांचें काय झालें होतें? ऐन उमेदींत क्षयानें गांठलें. देवासला अंथरुणावर पडून त्यांनीं कित्येक वर्षें गाण्यावांचून काढलीं. पत्नी भानुमती उशाशीं होत्या. कानांवर माळव्यांतील लोकगीतें पडत होतीं. पुढें तो आवाज परतला, तो नवीं रूपें घेऊन. आणि तेव्हांही घराण्यांचे अभिमानी ‘हें कसलें गाणें?’ म्हणून नाक मुरडीत होतेच. निकाल देण्याचा धंदा प्राध्यापकांपुरताच नाहीं!

“वाजव पाहूं त्याचें कांहीं,” मी म्हणालों.

त्यानें वाजविलें. खोटें कशाला सांगूं? बरेंचसें मला कळलें नाहीं, कांहीं कानांना बोंचलें. पण एका जागीं स्वर असा अडखळून खालीं आला, कीं मी हातांतली लाल पेन्सिल ठेवून दिली.

त्याच्या शिक्षणाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. आमचे वाद रोज होतात, अगदीं कडाक्याचे. पण वाद घालावयास दोघांनाही बोलावें लागतें! संध्याकाळीं मीं दिनदर्शिकेंतील आठ एप्रिलचा चौकोन पाहिला. तिघां गायकांपैकीं एकाचेंही नांव तेथें छापलेलें नव्हतें. जागा मोकळी होती. आई दूध लिही तसें, त्याच बारीक अक्षरांत, मीं लिहिलें : ‘आज मुलाचें गाणें ऐकलें.’