दोन नेमसर्व्हर, एकच मशीन

"सर, ही विनंती तुम्ही नोंदणीकृत ई-मेलवरूनच पाठवा."

२०२३ च्या नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी हे वाक्य मी चार वेळा ऐकलं, चार वेगवेगळ्या माणसांकडून. दर वेळी मी तेच सांगत होतो, की तो ई-मेल बंद पडलाय म्हणूनच फोन केलाय. आजही आठवलं की डोकं तापतं.

मी तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुचा. पुण्यात नऊ वर्षं सर्व्हरचं काम केलं, लॉकडाऊनमध्ये घरी आलो आणि इथूनच धंदा सुरू केला. आदिलाबाद, किनवट, पांढरकवड्याकडची दुकानं, शाळा, जिनिंग अशी गिऱ्हाइकं. मुंबईच्या एका डेटा सेंटरमधला भाड्याचा डेडिकेटेड सर्व्हर आणि त्यावर तेवीस साइट्स. त्यातल्या दोन जिनिंगच्या साइटवर रोज कापसाचा भाव आणि खरेदी चालू की बंद, हे मराठीत आणि तेलुगूत टाकलं जातं. त्या पानाला इकडे किंमत आहे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७०२० रुपये होता. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापले जातात, बाराच्या वर गेला की माल घेतच नाहीत. गाडी भरायची की थांबायचं, हे माणूस रात्री मोबाइल बघून ठरवतो.

सर्व्हर घेतला तेव्हा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था, कुठे ठेवायचं हा प्रश्न आला होता. डोमेन नोंदवलं त्या रजिस्ट्रारकडे ते फुकट मिळत होतं, डेटा सेंटरवालेही द्यायला तयार होते. मी ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं. एनएस-वन आणि एनएस-टू, दोन्ही माझ्याच डोमेनच्या नावाने. दोन नेमसर्व्हर लागतात, तर आयपी पत्ते दोन होते. मशीन मात्र एकच. डेटा सेंटरच्या माणसानेच तसं बसवून दिलं आणि "सगळे असंच करतात" म्हणाला. मलाही ते आवडलं होतं. गिऱ्हाइकाच्या डोमेनपुढे माझं नाव लागत होतं.

त्या सोमवारी पहाटे साडेपाचला एका जिनिंगच्या मुनिमांचा फोन आला. साइट उघडत नाही, मेलही येत नाही. तिकीट टाकलं तर उत्तर आलं, डिस्क सांभाळणारं रेड (RAID) कार्ड गेलंय, सुटा भाग यायला चोवीस तास लागतील. मी घाबरलो नाही. रोजचा बॅकअप हैदराबादच्या एका छोट्या सर्व्हरवर जात होता. तो उलगडला आणि अडीच तासांत तेवीसच्या तेवीस साइट्स उभ्या केल्या. माझ्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी हाताने लिहिला, ब्राउझर उघडला, आणि जिनिंगचं पान समोर आलं. कालचा भाव, वजनकाट्याचा फोटो, लाल अक्षरातली तेलुगू सूचना, सगळं जागच्या जागी.

पण ते फक्त माझ्या लॅपटॉपवर. नवा पत्ता जगाला सांगायचा तर सांगणारे दोन्ही नेमसर्व्हर त्याच बंद मशीनवर होते. १९८३ पूर्वी सगळं नेटवर्क माझ्या होस्ट्स फाइलसारख्याच एका फाइलवर चालायचं. कॅलिफोर्नियाच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नावं आणि पत्ते लिहिलेली एक फाइल ठेवलेली असायची, ती प्रत्येकाने उतरवून घ्यायची. ती फाइल आवरेना, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्यानंतर चाळीस वर्षांनी मी तलमडुगुत बसून पुन्हा त्याच फाइलवर आलो होतो.

उपाय साधा होता. रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन माझ्या दोन नेमसर्व्हरचे आयपी बदलायचे. सगळी डोमेनं त्याच दोन नावांकडे बघत होती, त्यामुळे एका ठिकाणी बदल केला की तेवीस साइट्स उघडू लागणार. दोन मिनिटांचं काम. पासवर्ड टाकला, तर पडताळणीचा कोड गेला माझ्या ई-मेलवर. तो ई-मेल त्याच डोमेनवरचा, आणि डोमेन बंद. खात्यावरचा मोबाइल नंबर पुण्यातला, दोन वर्षांपूर्वी बंद केलेला.

मग फोन. पहिल्या मुलाने चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून वरचं वाक्य ऐकवलं. दुसरीने तेच. तिसऱ्यानेही तेच सांगून वर पॅन कार्ड मागितलं, ते पाठवलं. चौथ्याने तेच ऐकवून फर्मच्या लेटरहेडवर शिक्क्यासह पत्र मागितलं. शिक्का माझ्याकडे नव्हता. मोटरसायकल काढून आदिलाबादला गेलो, शिक्का करून घेतला, तिथेच पत्र स्कॅन करून पाठवलं. दीड तासाने उत्तर, फाइल दोन एमबीपेक्षा मोठी आहे, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवली. मग उत्तर, विनंती योग्य विभागाकडे दिली आहे, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतील. हैदराबादला साइट्स चालू होत्या, मी आदिलाबादच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर उभा होतो, आणि या दोन्हींच्या मध्ये एक ओळ बदलायला कुणी तयार नव्हतं.

संध्याकाळी सुंकिडीकडचे आमचे एक नात्यातले काका घरी आले. रविवारी रात्री उशिरा जिनिंगने "सोमवार, मंगळवार खरेदी बंद" अशी सूचना टाकली होती. काकांनी ती पाहिलीच नाही.

"काऊन रे बापू, तुह्या पानावर काही दिसतच नव्हतं. म्हटलं चालू असंल, मंग निघालो."

भाड्याची पिकअप दिवसभर फाटकासमोर उभी राहिली. रात्री ताडपत्री टाकूनही दव पडलं. बुधवारी मीटरवर ओलावा साडेबारा आला, तर माल उतरवून उन्हात पसरावा लागला. गाडीचं भाडं तीन दिवसांचं. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. मलाच ते अजून बोचतं.

मंगळवारी सकाळी अकराला रजिस्ट्रारची परवानगी आली. मुंबईचं मशीन त्याआधी पाऊण तास चालू झालं होतं.

पुढचे पंधरा दिवस मी डीएनएसवरच वाचत होतो. आरएफसी २१८२ हा दस्तऐवज १९९७ चा. दुय्यम नेमसर्व्हर वेगळ्या गावात आणि वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइट्स जवळजवळ दिवसभर दिसत नव्हत्या, कारण त्यांचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. म्हणून मग मोठ्या डीएनएस कंपनीकडे जायचं ठरवलं. अशा कंपन्या एकच पत्ता जगभरच्या यंत्रांवरून जाहीर करतात, एक पडलं तर दुसरं उत्तर देतं. पण २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) या अशाच मोठ्या कंपनीवर मिराय बॉटनेटचा हल्ला झाला, तेव्हा ट्विटरसारख्या साइट्स कित्येकांना उघडेनात. एकाच मोठ्याच्या आधारावर राहणंही मला पटेना. रजिस्ट्रारच्या फुकट डीएनएसला तर मी हात लावणार नाही. डोमेन आणि डीएनएस एकाच खात्यात असलं की ते खातं अडकल्यावर दोन्ही अडकतात, आणि खातं कसं अडकतं ते मी पाहिलंय.

शेवटी माझी मूळ झोन फाइल, म्हणजे नावं-पत्त्यांची यादी, माझ्याकडेच राहिली, पण ते मशीन बाहेरच्या कुणाला उत्तर देत नाही. उत्तरं देतात दोन वेगळ्या कंपन्यांचे चार नेमसर्व्हर, ते माझ्याकडून नक्कल उतरवून घेतात. पहिल्याच आठवड्यात एक नोंद बदलली आणि त्या फाइलचा सीरियल नंबर वाढवायला विसरलो. चौघेही जुनाच पत्ता सांगत राहिले, कारण सीरियल वाढल्याशिवाय नवी नक्कल ते उचलत नाहीत. साइटच्या पत्त्यांचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, मी एका दिवसावरून एका तासावर आणलाय. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदी १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस साठवल्या जातात. तो आकडा आपल्याला बदलता येत नाही, म्हणून त्या वरच्या पातळीवरच्या नोंदी शांत दिवशीच नीट लावून ठेवायच्या.

त्या फोनवरच्या मुलांवर मी फार चिडलो होतो. आता वाटतं, त्यांनी माझ्या नुसत्या बोलण्यावर आयपी बदलला असता, तर उद्या कुणीही माझं नाव सांगून डोमेन पळवलं असतं. आमच्याकडे जमिनीच्या पट्टादार पासबुकाच्या बाबतीत हीच भीती असते. त्यांचं बरोबर होतं. तरी तो चार वेळा ऐकलेला एकच निरोप मला अजून माफ करता येत नाही.

तुमच्या दुकानाची, शाळेची, सोसायटीची साइट असेल तर आज रात्रीच रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून बघा, की डोमेन कुणाच्या नावावर आहे, मोबाइल नंबर चालू आहे का, आणि ई-मेल त्याच डोमेनवरचा तर नाही ना. असेल तर दुसरा टाका.